तिच्या मापाचा पुतळा

टेलरकाकांच्या कातरीबद्दल लोक वाट्टेल ते सांगत. ती नुसती टेबलावर ठेवली तरी कापड भीतीनं आपोआप दुभंगायचं म्हणे. त्यातलं निम्मं खोटं धरा. पण रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची कमर काका दुकानात बसल्या बसल्या मोठ्यानं सांगायचे, आणि त्यापायी ठरलेली दोन लग्नं मोडता मोडता राहिली, हे खरं.

असा हा माणूस म्हातारपणी परदेशी, मुलाकडे कायमचा राहायला निघाला. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बाबा, इथे सगळं आहे," मुलगा फोनवर म्हणाला. "फक्त तुम्ही या."

"मी येतोच. मशीन आणि पुतळा मागून जहाजानं येतील."

"पुतळा? आता कुणाचे कपडे शिवायचेत?"

"तुझ्या आईचे," काका म्हणाले.

पुतळा म्हणजे शिंप्याकडे असतो तो, बिनमुंडक्याचा. अंगावर चाव्या, फिरवाल तशी छाती, कमर, खांदे कमीजास्त होतात. काकांनी अख्ख्या गावाला टेप लावली, काकूंना कधीच नाही. घरच्या बाईचं माप काय घ्यायचं? तिला पुतळ्याशेजारी उभी करायची आणि तो तिच्याएवढा होईपर्यंत चाव्या पिळायच्या, ही त्यांची रीत.

"मी जरा सुटले की हा मेलाही सुटतो," काकू म्हणायच्या. "चहाडखोर कुठला."

त्या गेल्या तेव्हापासून चाव्यांना कुणाचा हात लागला नव्हता. दुकान बंद करून काका रोज त्याच्याशी दोन शब्द बोलत. पुतळा उलट उत्तर देत नसे, एवढ्यावरूनच ती काकू नाही हे कळायचं. पुतळा असताना कपडे कशाला, म्हणून काकूंचे सगळे कपडे त्यांनी निघण्यापूर्वी वाटून टाकले.

सामान बांधणारा मुकादम भला माणूस होता. "काका, तुम्ही निर्धास्त जा. माझ्या लेकीसारखी पाठवतो तिला."

परदेशात मुलगा-सून सकाळीच कामाला जात. घर इतकं शांत, की फ्रिज गुरगुरला तरी काका "ओ" देत. खिडकीतून माणसं दिसत, पण सगळी जाड कोटांत; एकाचंही माप लागत नसे. काका म्हणत, "येऊ दे जहाज. मग बोलू."

जहाज आलं. खोकं दारात उतरलं तेव्हाच काकांना ते लहान वाटलं. सुनेनं पट्ट्या कापल्या. आतून जो पुतळा निघाला तो एखाद्या उपाशी पोरीसारखा, कमरेला मुठीत मावेल असा.

काकांनी मुकादमाला फोन लावला.

"पोचली का?" त्याचा आवाज खुशीत होता. "सगळ्या चाव्या आत आवळून घेतल्या, काका. जहाजवाले जागेचं भाडं घेतात ना. निम्मी जागा वाचवली तुमची."

"हो," काका म्हणाले. "उपकार झाले."

सून जवळ बसली. "बाबा, आईंचा फोटो बघून लावू या का माप?"

"फोटोला पाठ नसते, बाळ."

"मग आठवून? तुम्हाला तर सगळ्या गावाची मापं पाठ आहेत."

"गावाची आहेत," काका म्हणाले.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. काकांनी एकेक चावी सैल केली. थोडं फिरवायचे, लांब जाऊन बघायचे, परत यायचे. शेवटी दार लोटून घेतलं आणि पुतळ्याला मिठी मारली. हात जिथे पोचायचे तिथे पोचेपर्यंत एका हातानं चावी फिरवत राहिले. तिथे पोचलेसे वाटलं आणि शंका आली: मिठीतली ती काकू आजारपणाआधीची की नंतरची? शिवाय म्हातारपणानं स्वतःचेच खांदे वाकलेले. तेव्हाचा हात आता तेवढाच लांब आहे हे कशावरून? त्यांनी चावी अर्धा फेरा मागे घेतली. मग पुन्हा पुढे.

दारावर टकटक झाली. "बाबा, जमलं का? जेवायला या."

काकांनी मिठी सोडली नाही.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "अजून एक ट्रायल घ्यावी लागेल."