बस म्हणेपर्यंत

धाकटा भाऊ शिडी चढून छपरावर आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती. कौलं उतरवायला मदत करायला तर तो नक्कीच आला नव्हता.

"माझ्या पाख्याला हात कुणी लावला?"

मिस्त्री आढ्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसला होता. त्यानं हातातली कौलं खाली ठेवली. "दादा म्हणाले, तुमचंही ठरलंय."

"तो म्हणाला, आणि तुम्ही ऐकलंत?"

ऐकलं होतं खरं. बाप गेल्यावर या दोघा भावांनी घर आढ्यावरून वाटून घेतलं होतं. छपराचा रस्त्याकडचा उतार, म्हणजे पुढचं पाखं, थोरल्याचं, मागचं धाकट्याचं. थोरल्याला नवे पत्रे हवे होते, धाकट्याला बापानं घातलेली कौलंच हवी होती. थोरला म्हणाला, माझीच बाजू उघडा. मिस्त्री म्हणाला, तसं जमणार नाही. एकीकडचं ओझं उतरलं की दुसरीकडचं ओझं भिंत ढकलतं. चाळीस वर्षं तो दोन्ही पाख्यांच्या ओळी बरोबरीनं उतरवत आला होता. मग दोन दिवसांनी थोरला सांगत आला, धाकट्याशी बोललोय, तो तयार आहे. या दोघांचं एकमत म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला जाण्यातलाच प्रकार. मिस्त्रीला ते कळत होतं. तरी पलीकडच्या दाराची कडी वाजवून खात्री करून घ्यायचं त्यानं टाळलं. छपरावर वाघ असलेला हा माणूस जमिनीवर भांडणाला फार भ्यायचा.

खाली पुढच्या अंगणात मिस्त्रीची बायको उभी होती. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून कौलं झेलायला तीच. वरून "हां?" आलं की खालून "हां" जायचं, आणि मगच कौलांची जोडी सुटायची. ती जोडी दोन्ही हातांत अलगद घ्यायची, जशी शेजारणीकडून वाटी घ्यावी. नियम एकच होता. मिस्त्रीनं "बस" म्हणेपर्यंत तिनं जागा सोडायची नाही आणि छपरावरची नजर काढायची नाही. आजवर तिच्या हातून एकही कौल फुटलं नव्हतं. तो चारचौघांत हे सांगायचा आणि ती "पुरे हो" म्हणायची.

धाकट्यानं पहार थोरल्याच्या पाख्यावर घातली. पहिल्याच घावात चार कौलं फुटली. "याचंही उघडं पडू दे!"

"अरे, कौलांखालच्या रिपा मोडतील! खाली उतरा!"

खालून थोरला ओरडत शिडी चढला. पोस्टात दिवसभर शिक्के मारणारा तो साधा माणूस, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. वर येताच त्यानं धाकट्याच्या पोटात लाथ घातली. पहार घरंगळत मागच्या अंगणात पडली. दोघं वाशांवर गुरासारखे भिडले. एकानं दुसऱ्याचा कान चावला, दुसऱ्यानं पहिल्याचं तोंड रिपेवर आपटलं. रक्त आलं, दात पडला. "बापाला तूच मारलंस!" "तू शेवटचं पाणी तरी पाजलंस का?" चाळिशी ओलांडलेले दोन भाऊ लहानपणापासूनचं सगळं बाहेर काढत होते. मिस्त्री मध्ये पडला आणि त्यानं दोघांचाही मार खाल्ला. त्या गडबडीत "बस" म्हणायचं राहिलं.

धाकट्यानं कौल उचलून भावाच्या डोक्यावर भिरकावलं. भाऊ वाकला.

खाली ती वर बघत उभी होती. हे कौल एकटं आलं, "हां" न विचारता, आणि भलत्याच वेगानं. तिनं हात उचलले, पण कौलाची धार हातांच्या मधून डोळ्यावर बसली.

ती ओरडली नाही. "अगं आई," एवढंच म्हणाली. तिच्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

मिस्त्रीनं ते पाहिलं आणि त्याच्यातला शहाणा माणूस संपला. त्यानं धाकट्याचा गळा आणि पट्टा धरला आणि त्याला वळचणीपर्यंत ओढत नेलं. ओझं कसं उचलायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. धाकट्याचं अर्धं अंग छपराबाहेर लोंबत होतं. थोरला आता "काका, नका, माझा भाऊ आहे तो" म्हणून रडत होता. मिस्त्रीला धाकट्याला मारायचंच होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"अहो," खालून आवाज आला. "टाकू नका. मी खालीच उभी आहे."

तो थांबला. ती डोळ्यावर हात धरून तिथंच होती, त्याच जागेवर. "बस" म्हणून त्यानं तिला अजून सोडलंच नव्हतं.

"बस," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बस गं." मग धाकट्याला आत ओढून त्यानं वाशांवर टाकलं.

डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यानं अंतर कळत नाही, सवय व्हायला वेळ लागेल. घरी तिनं ओतलेलं पाणी पेल्याच्या बाजूला पडायचं. मिस्त्री ते पुसायचा. त्यानं एकदाच विषय काढला. "मी धाकट्याला आधी विचारलं असतं तर..." ती म्हणाली, "तर आज मला पाणी तरी नीट ओतता आलं असतं." मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घर अर्धं उघडं टाकलंय. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं काम कुणी हातात घेत नाही. उद्या निघा, मी येते."

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ अंगणात मान खाली घालून उभे होते. नव्या पत्र्यांवर दोघांचंही एकमत झालं होतं, फार उशिरा. धाकटा पुढे झाला. "काकी, मी झेलतो. तुम्ही बसा."

"तू बाजूला हो," ती म्हणाली. "तुझं फेकणं पाहिलंय मी. झेलणं नको बघायला."

पट्टी बांधलेलं तोंड वर करून ती आपल्या जागेवर उभी राहिली. तिनं हात पुढे केले. ते थोडे डावीकडे गेले होते.

"हां?" वरून आलं.

"हां."

मिस्त्री जोडी काखेत धरून शिडीच्या अठरा पायऱ्या उतरला. त्यानं कौलं तिच्या दोन्ही तळव्यांवर ठेवली आणि तिचा हात घट्ट बसेपर्यंत सोडली नाहीत.

"टाकत का नाही हो?"

"गुडघे धरलेत. चढउतार केली की सुटतील."

कौलं भिंतीशी रचून, पाय चाचपत ती परत जागेवर आली आणि तिनं हात वर केले. मिस्त्री दुसरी जोडी आणायला शिडी चढू लागला.