तिसरा फेरा

फोरमन माझ्या लेथवर वाकून शाफ्टमध्ये स्वतःच्या मिशा बघत होता. वर्कशॉपमध्ये त्याला ‘आरसा’ म्हणत ते यावरूनच. तोंड दिसेपर्यंत जॉब पुरा झाला असं त्याला वाटत नसे. आज त्याच्या मागे गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस उभा होता. नमुना पसंत पडला की फोरमन मॅनेजरच्या खुर्चीत बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“अजून एक फेरा घे,” तो मला म्हणाला.

बॉल बर्निशिंगमध्ये धातू कापला जात नाही. बोराएवढी कडक पोलादी गोळी स्प्रिंगच्या दाबानं फिरत्या शाफ्टवरून सरकते आणि कापताना राहिलेले बारीक उंचवटे शेजारच्या खाचांत दाबून बसवते. हे मला अप्पांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. या मालाला दोनच फेरे, असं त्यांचं सांगणं. तिसऱ्यानं चकाकी वाढते, पण वरची कातडी दमते आणि सुटते.

अप्पा याच लेथवर सव्वीस वर्षं उभे होते. सात वर्षांपूर्वी याच फोरमननं त्यांना याच गिऱ्हाईक कंपनीच्या एका मोठ्या मालावर तिसरा फेरा मारायला लावला. तोंडीच. अप्पा नको म्हणाले, तर हा म्हणाला, मी आहे ना. माल वापरात खपल्या टाकू लागला तेव्हा चौकशीत यानं सांगितलं की म्हाताऱ्याचा हात थरथरतो. अप्पांना त्याच दिवशी भर पाळीतून घरी पाठवलं. त्यांचा हात तोवर कधी थरथरला नव्हता. नंतर थरथरू लागला.

तेव्हापासून रोज मशीन चालू करण्याआधी मी डोळे मिटून हात जोडते. बाई फार देवभोळी आहे, असं लोक म्हणतात. आहेच मी. पण मागणं एकच असे: याच्याकडून ते पुन्हा घडू दे, आणि बघायला माणसं असू देत.

“साहेब, दोन झालेत,” मी म्हटलं.

“बापाचं पालुपद नको लावू. त्यांचा हात थरथरायचा, तुझा नाही ना थरथरत?”

स्वतःचं खोटं त्यानं इतक्या जणांना सांगितलं होतं की आता त्याला ते खरंच वाटत होतं.

“नाही थरथरत. जॉबकार्डावर तेवढं लिहून द्या.”

तो तपासनिसाकडे बघून हसला. ही घरी भाजीत मीठ घालतानाही सही मागत असेल, म्हणाला. आणि लिहिलं: तिसरा फेरा, माझ्या सांगण्यावरून. खाली झोकदार सही.

तपासनिसानं मला विचारलं, काही अडचण आहे का. एका वाक्यात सांगता आलं असतं. “साहेबांना विचारा,” मी म्हणाले, आणि गोळी टेकवली.

शाफ्ट असा लखलखला की फोरमननं मिशीवरून बोट फिरवलं. मग तपासनिसानं पांढरं फडकं घेऊन तो पुसला. फडक्यावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक कण आले. त्यानं पुन्हा पुसलं, पुन्हा आले.

“हिचा हात...” फोरमननं सुरुवात केली. मी कार्ड तपासनिसाच्या हातात दिलं.

आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. सात वर्षांपूर्वीचा मालही असाच सुटला होता का, असं तपासनिसानं हळूच विचारलं. फोरमन खाली बघत राहिला. मला वाटलं होतं, त्या क्षणी मी देवाचे आभार मानीन. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले, डोळे भरून.

संध्याकाळी नापास शाफ्ट मागून घेतला आणि घरी नेला. अप्पांना सगळं सांगितलं: सही, फडकं, त्याचं खाली गेलेलं तोंड. ते शाफ्ट मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसले. अंगठा त्यावरून सावकाश फिरला आणि एके जागी थांबला.

“तुला ठाऊक होतं हे होणार?”

“हो.”

“तरी फेरा मारलास.”

मी नखांतलं तेल काढत राहिले.

“दोन फेऱ्यांपर्यंत छान झाला होता गं,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा छान.”

त्यांनी खिशातला रुमाल काढला, सुटलेल्या भागावर नीट गुंडाळला, आणि शाफ्ट भिंतीशी, घरंगळणार नाही असा ठेवून दिला.