इरीनचा रविवार

इरीनने बूट काढले, मोजे घडी करून त्यांत खोचले आणि नदीकाठच्या बाकावर ऐसपैस मांडी घातली.

समोर डॅन्यूब वाहत होती आणि पलीकडच्या काठावर बुडापेस्टची संसद उन्हात उभी होती. या दृश्यासाठी प्रशांतच्या कागदावर पंधरा मिनिटं होती, त्यातली अकरा एकमेकांचे फोटो काढण्यात गेली. प्रशांत मस्कतच्या रुवी भागातला ट्रॅव्हल एजंट, मूळचा चिपळूणचा. तिथून चौदा जणांना घेऊन तो आला होता आणि सकाळपासून त्यांना गोड बोलून हाकत होता. आता टेकडीवरचा राजवाडा, चाळीस मिनिटं. त्यानंतर मॉल, तीन तास.

मागच्या चौकातल्या चर्चची घंटा झाली. प्रशांतने टाळ्या वाजवल्या.

"यल्ला, यल्ला, बसमध्ये चला."

"मी येत नाही," इरीन म्हणाली.

प्रशांतला वाटलं, बाईंचे पाय दुखताहेत. त्याने बाम देऊ केला. इरीनने तो घेतला नाही. उरलेली मंडळी बसच्या दारातून माना काढून बघत होती. शेवटी तिचा नवरा नॉरबर्ट जवळ आला आणि हळू आवाजात विचारू लागला, की काय होतंय.

"काही होत नाही. आज रविवार आहे," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी रविवारी कामाला गेले. आजचा मला नुसता बसून घालवायचाय. आणि तू शेजारी हवास."

इरीन रुवीतल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे दोन दिवस लवंग दाढेखाली धरून काढलेली सगळी दुखरी तोंडं रविवारी सकाळी तिच्या काउंटरवर हजर. रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, तीसुद्धा तिथे शुक्रवारी. देवाला चालतं, असं फादर म्हणायचे. देवाला चालत असेल, इरीनला कधीच चाललं नाही. रजेवर गावी वसईला गेलं तर तिथले रविवार नातेवाइकांच्या घरी बॅगा रिकाम्या करण्यात जायचे. आणि नदी? मस्कतला पाऊस पडला की वादीतून, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, पाणी धावायचं, पोलीस रस्ता बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसते गोटे.

"बस जाईल, इरीन."

"जाऊ दे."

नॉरबर्टला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर ये म्हणण्यासारखं होतं. तो रुसैलच्या एका पाइप कारखान्यात स्टोअरकीपर. कंपनीची बस पहाटे पाच चाळीसला इमारतीखाली येई, आणि ती चुकली की गैरहजेरी लागे. नॉरबर्ट साडेपाचलाच खाली. अंगात ताप असतानाही खाली. बसचा हॉर्न ऐकून त्याने अर्धा चहा टाकलेला इरीनने किती वेळा पाहिला होता, त्याला गणती नाही. एकदा तर भांडणाच्या ऐन मध्यावर तिला अर्ध्या वाक्यात सोडून तो जिना उतरला होता. ते वाक्य तिला अजून आठवत होतं.

आताही ड्रायव्हरने हॉर्न दिला. नॉरबर्ट दचकला. बाकाकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि तो बसकडे चालू लागला.

इरीनने मान वळवली नाही. दार बंद झाल्याचा फुसकारा ऐकू आला, इंजिनचा आवाज पुलाच्या दिशेने गेला. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पण बुटांना तिने हात लावला नाही. एकटी तर एकटी, आजचा रविवार ती कुणाला देणार नव्हती.

बाकाची दुसरी बाजू किंचित दबली.

"जेवणाचे डबे आत राहिले होते," नॉरबर्ट म्हणाला. त्याने कापडी पिशवी मांडीवर घेतली होती, कंपनीच्या बसमध्ये घेत असेल तशीच, दोन्ही हातांनी धरून. "प्रशांतने कागदावर सही मागितली. आपल्या जबाबदारीवर उतरलो म्हणून."

"दिलीस?"

"दिली."

एक लांबलचक बोट संथपणे गेली. ती कुठे चालली असेल, असं नॉरबर्टने विचारलं. इरीनलाही माहीत नव्हतं. मग त्याने, आता पुढे काय करायचं, असंही विचारलं, आणि काहीच नाही, हे उत्तर त्याला पचायला थोडा वेळ लागला.

मागे चर्चची दुसरी घंटा झाली. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं चौक ओलांडून आत जाऊ लागली. नॉरबर्ट सवयीने अर्धा उठला.

"मिस्सा सुरू होतेय. रविवार हवा होता ना तुला? चल."

इरीनने मांडी मोडली नाही.

"आपली मिस्सा शुक्रवारी झाली," ती म्हणाली.

नॉरबर्ट तसाच अवघडून उभा राहिला. मग पिशवी बाकावर ठेवून पुन्हा तिच्याशेजारी बसला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.