धाकट्या जावेचं मशीन

दीर मारला गेला, तेव्हा धाकटी जाऊ दीड वर्षाची पोर थोरलीच्या पदरात टाकून, बंदूक घेऊन डोंगरातल्या बंडखोरांना जाऊन मिळाली. नऊ वर्षं थोरलीनं ती पोर वाढवली, सासूचं दुखणंखुपणं काढलं आणि पायाच्या जुन्या मशीनवर गावाचं शिवण शिवून घर चालवलं.

मग तह झाला. धाकटी परतली. तहावर देखरेख करायला आलेल्या परदेशी निरीक्षकांनी बंदूक जमा करून घेऊन तिला मोटारीचं नवंकोरं शिलाई मशीन दिलं.

"घर सोडलं तिला मशीन, राखलं तिला ठेंगा!" थोरली नवऱ्यावर करवादली.

"अगं, तिनं पुन्हा बंदूक धरू नये म्हणून दिलंय ते."

"मग मीही धरायला हवी होती!"

गिऱ्हाइकं धाकटीकडे वळली. सासूबाईंनी पडद्याचं कापडसुद्धा तिच्याकडेच दिलं. तेही थोरलीनं गिळलं. पण एका दुपारी पोरगी धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून "आई" म्हणाली. थोरलीला ती नेहमी "काकू"च म्हणायची.

दुसऱ्या दिवशी थोरली निरीक्षकांच्या कचेरीत गेली. "धाकटीनं एक पिस्तूल लपवून ठेवलंय," ती म्हणाली. दुभाषी बाईनं ते साहेबाला सांगितलं. साहेबाचा चेहरा उतरला.

दोन गाड्या आल्या. पिठाचे डबे उपडे झाले, गाद्या उसवल्या. काहीच सापडलं नाही. तरी चौकशी संपेपर्यंत मशीन जप्त झालं. ही बातमी डोंगरात पोचली. त्या शुक्रवारी चाळीस जण हत्यारं टाकायला खाली येणार होते. एकही आला नाही. "आज देतात, उद्या हिसकावतात," असा त्यांचा निरोप आला. पुन्हा लढाई पेटणार म्हणून बाजारात लोक तेलमीठ साठवू लागले.

 सोमवारी थोरली पुन्हा कचेरीत गेली.

"मी खोटं बोलले. पिस्तूल नव्हतंच."

दुभाषी थबकली. "हे असंच सांगू?"

"असंच. म्हणावं, जळत होते मी."

त्याच दिवशी मशीन परत आलं. साहेब स्वतः डोंगरात जाऊन बोलून आला. पुढच्या शुक्रवारी अकरा जण उतरले. बाकीचे अजून वरच होते.

धाकटीला थोरलीनं स्वतःच सांगितलं. धाकटीनं हातातलं कापड खाली टाकलं.

"मला तुरुंगात टाकलं असतं, जाऊबाई."

"माहीत होतं."

"तरी?"

"तरी. अजूनही जळतेच मी. पण खोटं नाही बोलणार पुन्हा."

धाकटी दोन महिने तिच्याशी एक शब्द बोलली नाही. स्वयंपाक मात्र दोघी एकाच चुलीवर करत राहिल्या.