तिसरा पिस्टन

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात आरसा घालून बघते, त्यामुळे बंद वस्तू दिसली की आत काय असेल, हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागतो. आई म्हणते, ही लहानपणापासून नसत्या चौकशांची. असेन. पण आमच्या गाडीचं इंजिन रोज सकाळी टकटक का करतं, हे घरात माझ्याशिवाय कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं, याचा मला भारी राग यायचा.

गाडी बाबांची. गोल दिव्यांची, त्यांच्या जन्माच्या आसपास बनलेली, भंगारातून उचलून आणलेली. बाबा घड्याळजी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलणाऱ्या माणसाने इंजिनही तसंच, एकेक तुकडा पुसून जुळवलं. सिलिंडर आतून कापून सरळ करायचं काम, म्हणजे बोअरिंग, तेवढं त्यांच्या जिवलग मित्राने आपल्या वर्कशॉपमध्ये केलं. त्यांना मी टर्नरकाका म्हणायचे. इंजिन सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी टकटक आली. गरम झालं की थांबायची, गार झालं की पुन्हा हजर.

बाबा म्हणाले, बोअर वाकडं आहे. काका म्हणाले, जुळणी चुकली. बाबांनी ते चार लोकांत सांगितलं, काकांनी त्यांना चार लोकांत सुनावलं, आणि एका ताटात जेवणारी ती दोन माणसं एकमेकांची सावली टाळायला लागली. आई अर्थातच बाबांच्या बाजूने. मधे बाबा खूप आजारी पडले, तेव्हा काका आमच्या दारापर्यंत आले होते. आईने त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. म्हणाली, आधी काम नीट करायला शिका.

पुढे गाडीचं इंजिन जाम झालं, बाबांचे हात थरथरायला लागले, आणि दोघंही स्वस्थ बसून राहिले, गाडी ताडपत्रीखाली आणि बाबा खुर्चीत. शेवटी मीच ठरवलं की इंजिन उघडायचं. असलं जुनं इंजिन हातात घेणारं वर्कशॉप गावात एकच उरलं होतं. कुणाचं, ते सांगायला नको.

इंजिन गाडीतून उचललं तेव्हा आई तिथेच उभी होती. "तिसरा पिस्टन सांभाळून काढा म्हणावं," ती म्हणाली. "तो माझा आहे."

ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलेली आहे. जुळणीच्या वेळी बाबा खाली आडवे पडून होते आणि आई वर. बाकीचे तीन बाबांनी आपल्या हाताने बसवले, पण तिसरा बसवायचा मान आईला दिला. हातोड्याच्या लाकडी दांड्याने तिने तो हळूहळू आत ठोकला. "लोणी कापावं तसा गेला," असं ती सांगते, आणि सांगताना अजून तिचे गाल वर येतात.

वर्कशॉपमध्ये तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. लेथखाली लोखंडाचा कुरळा कीस पडला होता. काकांनी मान वर न करताच म्हटलं, "माझे दात दुखत नाहीत."

"काका, इंजिन आणलंय."

"कुणाचं?"

"तुम्हाला माहितीये कुणाचं."

त्यांनी लेथ बंद केलं. "नाचता येईना अंगण वाकडं! तुझ्या बापाच्या तोंडामुळे लोक माझ्याकडे मोजपट्टी घेऊन यायला लागले, पोरी. कामं तपासायला! माझी!" काकांना नम्रपणा कधी जमलाच नाही. मग ते इंजिनाभोवती एक फेरी मारून आले. त्यांचेही डोळे माझ्यासारखेच चुळबुळत होते. "काम करतो. पण एका अटीवर. आत जे निघेल ते तुझ्या बापाने माझ्या तोंडावर, तुझ्या आईसमोर म्हणायचं. माझी चूक निघाली तर मी हे दुकान बंद करतो."

मी हो म्हणून बसले. मला आतलं बघायची घाई झाली होती.

काकांनी सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं. खाली चार पिस्टनची चार काळी तोंडं. मी सवयीने आरसा काढला, तसे काका हसले, "याला चूळ भरायला सांगू नकोस म्हणजे झालं." मी कापडाने एकेक तोंड पुसलं. प्रत्येकावर एक बारीक बाण कोरलेला होता. पहिल्याचा इंजिनाच्या पुढच्या बाजूला. दुसऱ्याचाही. चौथ्याचाही. तिसऱ्याचा मागे.

"काका, हा बाण कशाचा?"

काका वाकले, बघितलं, आणि मांडीवर थाप मारून असे ओरडले की शेजारच्या दुकानातला वेल्डर धावत आला. "उलटा! पिस्टन उलटा बसवलाय!" मग त्यांनी मला समजावलं. पिस्टनच्या पोटातून जाणारी पिन बरोबर मध्यावर नसते, किंचित एका अंगाला असते. मुद्दामच. म्हणजे पिस्टन वरखाली होताना भिंतीवर आपटत नाही, अलगद टेकतो. उलटा बसवला की आपटतो. गरम होऊन फुगला की जागा उरत नाही, मग आवाज बंद. एवढीच त्या टकटकीची कथा.

पिस्टन बाहेर काढून त्यांनी सिलिंडरच्या तळाशी व्यास मोजायचं गेज घातलं. "इथवर पिस्टन पोचतच नाही. म्हणजे इथे माझं काम जसंच्या तसं आहे. बघ." काटा जागचा हलला नाही. वर, खाली, आडवा, उभा, कुठेच नाही. मी टाळीच वाजवली.

मग मी पुन्हा आरसा धरला, कारण मला राहवत नाही. तिसऱ्या पिस्टनच्या तोंडावर, काळ्या थराखाली, धातूवर बारीक ओरखडे होते. लहान लहान गोल, एकाला चिकटून एक. दात घासणाऱ्याचा हात मला ओळखता येतो, तसा हा हातही आला. घड्याळाचं झाकण बाबा असंच साफ करतात.

"काका, हेड न उघडता इथवर हात पोचतो?"

"कसा पोचेल?" म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. जुळणीच्या वेळी पिस्टन कोरे होते; म्हणजे कुणीतरी नंतर हेड उघडून साचलेला काळा थर, कार्बन, साफ केला होता. ज्याने साफ केला त्याला बाण दिसल्याशिवाय राहिला नसता.

काकांचं हसू गेलं. ते स्टुलावर बसले. "म्हणजे त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, तो चुकतोय. चुकलेल्या माणसाचा राग धरता येतो गं."

मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि बाबांचा भयंकर संताप आला. तरीही मी सांगितलं, कारण न सांगणं आमच्या घरात पुरेसं झालं होतं. "काका, तिसरा आईने बसवला होता."

"वहिनींनी?" ते बराच वेळ हात पुसत राहिले. स्वच्छ झालेले हातसुद्धा. शेवटी म्हणाले, "अट ती अट."

सिलिंडर नव्याने कापून झाले, नवे पिस्टन आले. काकांनी सिलिंडरच्या भिंतींवर बारीक तिरप्या रेघांची जाळी उठवली. तेल धरून ठेवायला, म्हणाले. जुळणी मी घरी केली, बाबांनी खुर्चीतून सूचना देत. तिसरा हातात घेतला तेव्हा मी विचारलं, "बाण पुढे ना, बाबा?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "हो. पुढे."

आयुष्यभर खोदून खोदून विचारणारी मी, त्या वेळी मूग गिळून बसले. काकांची अट मात्र त्यांना सांगितली.

सुरू करायच्या दिवशी काका सकाळीच आले आणि फाटकाशी उभे राहिले. हातात कापडात गुंडाळलेला जुना पिस्टन. आई पाठ ताठ करून दारात. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. गार इंजिन, आणि टकटक नाही. मी कान देऊन ऐकलं. नाहीच.

"बघा," आई काकांना म्हणाली, "या वेळी बोअर नीट केलंत तर गेला ना आवाज?"

काकांनी कापडाची गाठ सोडायला घेतली. मग थांबले आणि बाबांकडे बघत राहिले.

बाबा गाडीतून उतरले. "बोअर तेव्हाही सरळच होतं," ते म्हणाले. "याची काही चूक नव्हती. तिसरा पिस्टन उलटा बसला होता. मी बसवला."

"तिसरा?" आई म्हणाली. "तिसरा तर माझा."

बाबा काकांच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत राहिले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पुढच्याच उन्हाळ्यात. हेड उघडलं तेव्हा. तू सगळ्यांना इतक्या कौतुकाने सांगायचीस... आणि याला तोवर मी नको नको ते बोलून बसलो होतो."

मला वाटलं, आई आता रडणार. पण ती पायऱ्या उतरून थेट बाबांसमोर आली. "तुम्ही आजारी होतात तेव्हा भाऊजी दारात आले होते. मी त्यांना नाही नाही ते बोलून हाकललं. तुम्ही आतून ऐकत होतात. आणि पिस्टनचं काय कौतुक घेऊन बसलात हो? तेव्हाच सांगितलं असतंत, तर एका दुपारी मी तो सुलटा करून ठेवला असता."

इंजिन एका लयीत चालू होतं. बाबांनी ते बंद करायला हात आत घातला, आणि त्यांना किल्ली सापडेना. मी मदत केली नाही. काकांनी केली.

"भाऊजी, आत या," आई म्हणाली आणि मागे न बघता घरात गेली.

काका उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले, पूर्वी जिथून परत फिरले होते तिथेच. मग मागे वळून बाबांना म्हणाले, "चल की. वहिनींसमोर एकट्याने बसायची माझी छाती नाही."