पावणीतलं स्विस घड्याळ

बाबलीच्या कपाटात दोन डझन स्विस घड्याळं होती आणि त्यातल्या एकानेही स्वित्झर्लंड पाहिलेलं नव्हतं. बांदा ओलांडून गोव्याच्या बाजारात गेलं की रस्त्याकडेला ती मांडलेली दिसत आणि मग बाबलीचे पाय पुढे उचलत नसत. सुरमई घेताना कल्ले उघडून बघावेत तसा तो एकेक पारखायचा. वजन बघायचा, काचेवर नख मारायचा, सेकंदकाटा टकटक न करता सरसर फिरतो ना ते कानाशी धरून ऐकायचा. तबकडीवरच्या तीन छोट्या तबकड्या नुसत्या रंगवलेल्या असत. असेनात का! मनगटावर चढवलं की अंगात जहाजाच्या कप्तानाचा ताठा येई, आणि होडीत बसलं की मळमळणाऱ्या या गृहस्थाला तेवढा ताठा पुरे होता. तीनशे मीटर खोल पाण्यात चालेल असं पाठीवर कोरलेलं सोनेरी घड्याळ तर त्याचा जीव की प्राण. ते तो आंघोळीआधी आठवणीने काढून ठेवी.

घड्याळ खरं आहे असं तो कधी बोलला नव्हता. कुणी विचारलंच तर नुसता हसायचा, आणि त्या हसण्यावर गाव फसलाय, असा त्याचा पक्का समज होता. आपली सगळी पत या मनगटावर आहे म्हणे!

घोटाळा केला तो बायकोने, मथुरेने. लेकीचं, रसिकाचं, बाळंतपण अवघड आहे म्हटल्यावर तिने रवळनाथाला बोलून ठेवलं, की पोर सुखरूप सुटली तर ह्यांचं ते सोनेरी घड्याळ तुझ्या पावणीत घालीन. पोर सुटली, नातू झाला आणि आजोबा अडकला. कारण पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा देवळातच होणारा लिलाव. नारळ, केळीचे घड, आणि त्यात हे घड्याळ! सोन्याचं समजून कुणी बोली चढवली तर देवाच्या दारात फसवणूक, आणि खरं सांगावं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

"दुसरा कायतरी देवया गो," तो मथुरेला म्हणाला.

"देवाक बोललेला बदलतत?" ती म्हणाली. विषय संपला.

जत्रेच्या दिवशी पावणीआधी गाऱ्हाणं होतं. देवळाचे मानकरी भिकाजी तात्या देवाला सगळं मोठ्याने सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. बाबली हळूच त्यांच्या कानाशी लागला.

"तात्यानू, सोन्याचा म्हणा नकात. नुसता घड्याळ म्हणा."

"देवाक अर्धवट सांगूचा नसता रे. कसला घड्याळ?"

बाबलीने वळून पाहिलं. पाठीमागे अख्खा गाव उभा. देवाने नातू दिला आणि आपण त्याला रस्त्यावरचा माल खपवतोय! त्याची त्यालाच लाज वाटली आणि, खोटं कशाला सांगा, थोडं हसूही आलं.

"नकली आसा, तात्यानू," तो पुटपुटला.

तात्यांनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! रसिका सुखरूप सुटली!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान बाबलीन आपला घड्याळ तुझ्या पायाकडे ठेवल्यान!"

"व्हय म्हाराजा!"

"ता नकली आसा!"

"व्हय म्हाराजा!"

कुणी अडखळलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. तात्यांनाही चेव आला. "घरातली सगळीच नकली आसत!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला, आणि सगळ्यांत मोठा आवाज मथुरेचा होता.

बाबली तिच्याकडे बघतच राहिला. "तुका म्हायत होता? मगे देवाक कित्याक बोललस?"

"देवाक आवडीचा देतत," मथुरा म्हणाली. "तुमचो जीव घड्याळात, माझो पोरीत. माझ्याकडे आणखी काय होता देवूक?" तिचे डोळे भरून आले होते.

आता नकली घड्याळ कोण घेणार? पण पावणी सुरू झाली आणि बघतो तर काय, माणसं हमरीतुमरीवर आलेली! इतकी वर्षं मेल्यांनी हेवा केला होता तर. शेवटी चहावाल्या लवूने ते मिळवलं, मनगटावर चढवलं आणि तिथल्या तिथे कप्तानासारखा ताठ झाला.

बाबली त्याच्याजवळ गेला, पट्टा नीट बसवून दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "लवू, आंघोळीआधी काढून ठेव हां."