कॅलेंडर बघायला लावलं आणि आंधळा म्हणाले

मित्रांनो, मी एक जुना ॲक्शन कॅमेरा आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कोपरे घासलेला. माझ्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर काळ्या पेनाने लिहिलं आहे : ‘आंधळा’. ती पट्टी आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इतके दिवस मी ब्र काढला नाही. आज सगळं सांगणार आहे.

माझं भिंग आपोआप जवळचं-लांबचं बघत नाही. कारखान्यात ते बाटलीच्या झाकणासारखं आट्यांवर फिरवून एकदा बसवलं, वर गोंदाचा थेंब टाकला आणि संपलं. बसवणाऱ्यांच्या मनात सात-आठ हात अंतरावरचे हसरे चेहरे होते. माझा पहिला मालक सायकलस्वार होता. त्याच्या हेल्मेटवर बसून मी चिखल खाल्ला, दोनदा दगडावर आपटलो, पण एकही उतार चुकवला नाही. तेव्हा काय कौतुक व्हायचं माझं! मग नवा कॅमेरा आला आणि माझी रवानगी मोज्यांच्या खणात झाली. दीड वर्ष मोज्यांच्या वासात काढलं. असो.

तिथून मला माझ्या आताच्या मालकिणीने, म्हणजे ताईने, विकत आणलं. ताईचे बाबा पाण्याच्या उंच टाक्या तपासायचे. लोखंडी शिडीने वर चढायचं, कमरेला दोर बांधायचा आणि भिंतीवरच्या भेगा शोधायच्या. गेल्या वर्षी त्यांचा पाय निसटला. दोरामुळे जीव वाचला, पण खांदा निखळला. तेव्हा ताईने ड्रोन घेतला, मला त्याच्या पोटाशी बांधलं आणि म्हणाली, “बाबा, आता डोळे वर जातील, पाय जमिनीवर राहतील.” ते ऐकून मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

पण लांबची भिंत मला किंचित धूसर दिसायची. ताईच्या दादाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. “आण इकडे, दोन मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. मित्रांनो, दोन मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसाच्या हाती कुणालाही देऊ नका! त्याने केस वाळवायच्या यंत्राने माझा गोंद तापवला, भिंगाला रबर गुंडाळलं, पकडीने धरलं आणि कचकन फिरवलं. दुकान इतकं अरुंद की समोरची भिंत चार फुटांवर. भिंतीवर कॅलेंडर. मला टीव्हीला जोडून तो पडद्याकडे बघत राहिला आणि कॅलेंडर स्वच्छ दिसेपर्यंत भिंग फिरवत राहिला.

“बघ! तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतायत!” तो ओरडला. वर नव्या गोंदाचा थेंब टाकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी मी टाकीभोवती उडालो. चार फुटांवर बघायला शिकवलेला मी, मला वीस फुटांवरची भिंत कशी दिसणार? सगळं चित्रण धुकट आलं. दादाने हात झटकले. “माल मुळातच भंगार आहे गं. आंधळा आहे हा.” आणि त्यानेच ती पट्टी चिकटवली. चूक त्याची आणि खापर माझ्या डोक्यावर! मला तोंड असतं ना, तर त्याला चार शब्द सुनावले असते.

पण माझ्या अपमानापुरतं हे राहिलं नाही. पाणीखात्याच्या साहेबांनी चित्रण बघून फोन केला. “यात भेग सोडा, भिंतच दिसत नाही. उद्या सकाळी माणूस वर चढवा.”

बाबांनी खुंटीवरचा दोर काढला. ताईचा चेहरा उतरला.

सकाळी आम्ही टाकीच्या पायथ्याशी होतो. बाबांनी साहेबांचा कागद वाचला आणि तसेच मान वर करून शिडीकडे बघू लागले. “अगं, वरच्या पायऱ्याच दिसत नाहीत मला. डोळे गेले वाटतं.”

“बाबा, चष्मा काढा. तो जवळचं वाचायचा आहे,” ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. मग फोन लावला.

“दादा, भिंग फिरवताना तू काय बघत होतास?”

“कॅलेंडर. का गं?”

“किती लांब होतं?”

“चार फूट.” मग बारीक आवाज आला, “थांब. पकड घेऊन येतो.”

दादा धावत आला. गाडीतल्या छोट्या पडद्याला मला जोडलं आणि या वेळी माझं तोंड मैदानापलीकडच्या विजेच्या खांबाकडे केलं. ताईने स्वतः भिंग फिरवलं. केसभर इकडे, केसभर तिकडे. खांबावरचा क्रमांक उमटला तशी तिने नेलपॉलिशचा थेंब लावून ते पक्कं केलं. मित्रांनो, किती दिवसांनी मला जग दिसलं!

मी वर गेलो. भिंतीवरची हातभर लांब भेग पहिल्याच फेरीत सापडली. पण पडद्यावर सगळे दुसरंच काही बघत होते. शिडीला भिंतीशी धरून ठेवणारी अगदी वरची लोखंडी पट्टी सुटली होती. दोन्ही बोल्ट जागेवर नव्हते. वरच्या चार पायऱ्या नुसत्या लोंबत होत्या. बाबा नेहमी तिथेच उभे राहून दोर बांधायचे.

बाबांनी खांद्यावरचा दोर काढून जमिनीवर ठेवला आणि ते त्याच्या शेजारी बसले. दादाची त्यांच्याकडे बघायची हिंमतच झाली नाही.

आता तो दोर गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधला आहे. मला मऊ कापडाची पिशवी मिळाली आहे. दादा मला हात लावण्याआधी ताईला विचारतो. सगळं ठीक आहे. पण मित्रांनो, माझ्या पाठीवरची पट्टी काढायचं अजून कुणालाही सुचलेलं नाही! एखाद्याला धड दिसत नसेल तर त्याला आंधळा म्हणण्याआधी एवढं विचारा, की त्याला बघायला शिकवताना तुम्ही समोर काय ठेवलं होतं. आणि जमलं तर ताईच्या घरी कुणीतरी जा. ती पट्टी एका कोपऱ्यातून सुटत आली आहे. नखाने ओढलीत तरी निघेल.